उफराटी कापणी

गाण्याच्या सरांच्या डोक्याच्या बरोबर मधोमध, कपाळापासून टाळूपर्यंत, मी मशीन फिरवलं आणि फिरवून झाल्यावर मला कळलं की आपण मशीन फिरवलंय. तीन बोटं रुंद, सरळसोट, स्वच्छ रस्ता. दोन्ही अंगांना त्यांचे ते रुपेरी, मानेवर रुळणारे केस जसेच्या तसे, आणि मधून हा रस्ता. एक भलाथोरला झुपका त्यांच्या मांडीवरच्या कापडावर पडला होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे परक्याची वस्तू चुकून आपल्या घरी आल्यासारखे पाहत होतो. हातातलं मशीन अजून गुरगुरत होतं. शेजारच्या खुर्चीपाशी माझ्या भागीदाराचा वस्तरा हवेतच थांबला. बाकावर बसलेल्या दोघांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं. सर समोरच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवतात. दर महिन्याला येतात आणि बसता बसता तेच वाक्य म्हणतात, "कानावरचं थोडं आवरा, मान साफ करा, बाकी हात लावायचा नाही." वर्षानुवर्षं मी बाकीला हात लावला नव्हता. त्या केसांवर त्यांचा जीव. शाळेच्या कार्यक्रमात ते पेटीवर वाकले की केस पुढे येतात आणि मानेच्या एका झटक्यानं ते मागे टाकतात, तो झटका बघायला म्हणे पालक पुढची रांग धरतात. आता कसला झटका आणि कसलं काय. बिनपाण्यानं हजामत म्हणतात ती आजवर नुसती ऐकली होती, आज स्वतःच्या हातानं केली.

"हे काय केलंत?" सर म्हणाले. ओरडले नाहीत. गाणाऱ्या माणसाचा आवाज खाली गेला की जास्त भीती वाटते.

"गवत," मी म्हणालो.

दुसरं काही सुचलंच नाही, आणि खरं तेच होतं. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं शेत वडील गेल्यापासून तीच बघते. शेत म्हणजे थोडी पेर, आणि बाकी सगळं गवताचं रान. गवत वर्षातून एकदा कापायचं, वाळवायचं, जनावरांसाठी रचून ठेवायचं. फोनवर ताई कधी 'कसा आहेस' विचारत नाही. "खांदा मोडला," ती म्हणाली. "माळ्यावरून पडले. हात गळ्यात बांधलाय. बाकी छान." मी म्हटलं, "बाकी छान म्हणजे काय, ताई?" "बाकी म्हणजे बाकी. आता ऐक. गवत तयार आहे. तीन-चार दिवसांत पाऊस येतोय, म्हणजे लगेच कापलं तरच वाळेल. या एका हातानं मला ट्रॅक्टर चालवता येत नाही, म्हणून तुझे भावजी मोठ्या मशीनवाल्याला सांगून मोकळे झालेत. उद्या सकाळी येतो म्हणाला. तो कडेनं कापत आत येतो, तुला माहितीये. आणि रानात लावा आलाय." मी शटर अर्ध्यावरच सोडलं. ती म्हणाली, "जोडी आहे. आत्ता पिल्लं असतील, न उडणारी. आज येतोस का?" मी दुकानाकडे पाहिलं. शनिवार. आठवड्याची निम्मी गिऱ्हाइकं शनिवारी. मी म्हणालो, "आज कसं जमेल गं?" ती म्हणाली, "बरं." ताईचं हे 'बरं' फार वाईट असतं. त्यात राग नसतो, रुसवा नसतो, काहीच नसतं. दार लोटून घेतल्याचा आवाज असतो फक्त. मग मी झाडू मारला, कंगवे धुतले, आरसे पुसले, दोन डोकी आणि एक दाढी केली, आणि मला वाटत होतं की मी दुकानात आहे.

सरांनी डोळे मिटून घेतले आणि हातानं खूण केली, उरकून टाका. दुसरं करणार काय होते? मी पुन्हा मशीन चालू केलं. आणि खोटं कशाला बोलू, हाताला इतकं बरं वाटलं! टाळूपासून सुरुवात केली आणि गोल गोल, डावीकडे वळत, एकेक पट्टा बाहेर सरकवत कानापर्यंत आलो. केस लाटेसारखे कडेला पडत गेले. आतून सरांचं डोकं निघालं, सुरेख, नितळ, मागच्या बाजूला लहानपणी पडल्याची एक खूण असलेलं. मला हसू यायला लागलं. गिऱ्हाइकाचं असं वाटोळं करून हसू येणं बरं नाही, म्हणून मी गाल आतून चावून धरला. सरांनी डोळे उघडले, आरशात बराच वेळ पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला, परत फिरवला. "गार वाटतंय," ते म्हणाले, थोडं नवल करत. मग हलक्या आवाजात एक सूर लावून पाहिला आणि मान तिरकी करून तो ऐकला. "घुमतोय चांगला. बरं, गवताचं काय म्हणालात?"

मी सांगितलं. ताईचा खांदा सांगितला, पाऊस सांगितला, लावा सांगितला. लावा म्हणजे मुठीएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. जमिनीवर राहतो, गवताच्या बुडाशी अंडी घालतो, दिसत जवळजवळ कधीच नाही. असतो की नसतो हे त्याच्या आवाजावरून ठरवायचं. "ओरडतो कसा?" सरांनी विचारलं. गाण्याचा माणूस, त्याला तेच पडलेलं. तोंडानं मला तो आवाज कधीच जमला नाही. म्हणून कात्री उचलली आणि हवेत वाजवली: एक, आणि लगेच जोडून दोन. बाकावरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसायला लागले. भागीदार म्हणाला, "अरे, हे तर तू दिवसभर करतोस!" सर म्हणाले, "दोन कापांच्या मध्ये. एक, आणि दोन. मी कधीचा ऐकतोय. मला वाटायचं, याची लय जरा लंगडी आहे." मी कात्रीकडे पाहिलं. खरंच की. हवेत कात्री वाजवायची खोड आमच्या धंद्यात सगळ्यांना असते, पण प्रत्येकाची वेगळी. माझी कुठून आली याचा मी कधी विचारच केला नव्हता. सर खुर्चीतून उठले, कापड झटकलं, आणि शाळेत मुलींना विचारतात तशा आवाजात म्हणाले, "मग तुम्ही इथं काय करताय?"

बसमध्ये खिडकीशी बसलो तेव्हा खिशात कात्री आणि कंगवा तसेच होते. भागीदारानं ढकलूनच बाहेर काढलं होतं. "जा बाबा, आणखी दोन डोकी अशी केलीस तर उद्यापासून दुकानात माशा मारायच्या." शहर संपेपर्यंत मी नुसताच बसून होतो. मग कडेची घरं विरळ झाली, मोकळं रान आलं, आणि कुणाच्या तरी शेतात मोठं मशीन गवत कापत होतं. कडेनं, बाहेरून आत. सगळे तसंच कापतात. वडीलही तसंच कापायचे. कुंपणाच्या कडेनं पहिला फेरा, मग त्याच्या आत दुसरा, सगळी वळणं उजवीकडे, आणि रानाच्या मधोमध उभं गवत लहान लहान होत जायचं. शेवटी एक बेट उरायचं. आम्ही त्याला बेटच म्हणायचो. सगळ्या रानात जे जे जगत होतं ते कापणीच्या आवाजाला भिऊन आत आत सरकत त्या बेटात गोळा झालेलं असायचं, कारण बाहेर उघड्यावर पळायची त्यांची छाती नसते. ससे, बेडूक, साप, चंडोल, लावे. आजूबाजूची पोरं काठ्या घेऊन बेटाभोवती उभी राहायची. आम्हीही उभे राहायचो. मजा असायची, आरडाओरडा असायचा. वडील ट्रॅक्टर थांबवून घाम पुसायचे, मग शेवटचे दोन फेरे मारायचे. मला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं, वडिलांनाही नव्हतं. ते पाखरांना दाणे टाकणारे, मांजर पायात आलं तर आधी त्याची माफी मागणारे गृहस्थ. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, इतकंच.

मग एका वर्षी लावा ओरडला नाही. आवाज बंद पडला हे लगेच कळत नाही. घड्याळ थांबल्यावर टिकटिक थांबली हे कुठं चटकन कळतं? ताईला कळलं. संध्याकाळी ती पायरीवर बसायची आणि रानाकडे कान लावायची. मी म्हणायचो, काय ऐकतेस? ती म्हणायची, काही नाही, तेच ऐकतेय. पुढच्या वर्षी वडील गेले, आणि त्या हंगामात ताई ट्रॅक्टरवर बसली. तिनं कुंपणाच्या कडेनं फेरा घेतलाच नाही. फाटकातून एकच सरळ पट्टा कापत ती रानाच्या पोटात शिरली, मधोमध गेली, आणि तिथून गोल गोल, डावीकडे वळत, बाहेर यायला लागली. हळू. मुंगीच्या पावलानं. पुढे मी काठीनं गवत हलवत चालत होतो, कारण तिनं तसं सांगितलं होतं. बेट उरलंच नाही. उरली ती कडेची पट्टी, कुंपणाला लागून, आणि ती तिनं कापलीच नाही. "ती त्यांची," म्हणाली. सगळ्या रानातलं चालतं-पळतं आमच्या पुढे पुढे सरकत त्या पट्टीत गेलं असणार. बघणारे पोट धरधरून हसले. तिला तेव्हापासून सगळे 'उफराटी' म्हणतात. उफराटीचं शेत कुठलं, असं विचारलं तरी वाट दाखवतात. ती कुठली तेवढ्यावर थांबायला! कुंपणाची झुडपं छाटायची बंद केली. ओलीचा कोपरा सगळ्यांनी सांगूनही कोरडा केला नाही. काटेरी झाडं फुलाला येईपर्यंत उभी ठेवली. ससे वाढले, चंडोल आले, कोपऱ्यात बेडकांनी असा गोंधळ मांडला की भावजींना झोप येईना. लावा मात्र आला नाही. ताई वर्षामागून वर्षं उफराटी कापत राहिली, आणि लावा आला नाही.

आणि आता आलाय म्हणते. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथं. बसच्या खिडकीवर डोकं टेकून मी सरळ स्वतःला विचारलं, खरंच आलाय का? कारण एकदा ताई शहरात माझ्याकडे आली होती, दुकानातल्या बाकावर बसली होती. मी एका गिऱ्हाइकाचे केस कापत होतो. मध्येच ती ताडकन उठली आणि दाराकडे धावली. "लावा!" म्हणाली, भर रस्त्याकडे बोट दाखवून. रिक्षा, सायकली, भाजीच्या गाड्या, आणि ही लावा शोधतेय. मग तिला कळलं की माझी कात्री वाजली होती. सगळं दुकान हसलं, ती सुद्धा हसली. पण बाकावर परत बसताना तिचा चेहरा मी आरशात पाहिला होता. तेव्हा मला वाटलं होतं की तिला शहरातली गर्दी सोसत नाही. आता वाटायला लागलं, एखादी गोष्ट इतकी वर्षं ऐकायची वाट पाहिली तर कान ती स्वतःच वाजवायला लागत असतील. भावजींना काय वाटतं ते मला ठाऊक होतं. ते मागे एकदा म्हणालेही होते, "तिच्या कानात वाजतं, आणि आपल्याला गवत सोडावं लागतं." समजा, मी गेलो, कापलं, आणि त्या रानात काहीच नसलं तर? ताईला ते कोण सांगणार?  आणि गंमत म्हणजे त्या भीतीच्या शेजारी, अगदी खेटून, एक आनंदही होता. लहान पोरासारखा, उगाच, काही कारण नसताना. मी घरी चाललो होतो आणि ट्रॅक्टर चालवायला मिळणार होता.

ताई पायरीवर बसली होती. हात गळ्यात, आणि डोक्यावर जे काही होतं त्याला वेणी म्हणायचं धाडस मला झालं नाही. एका बाजूला तीन पेड, दुसऱ्या बाजूला मोकळ्या बटा, मध्ये कागदांना लावायचा चिमटा. "हे कुणी केलं?" मी विचारलं. "शिक्षकांनी," ती म्हणाली आणि आत मान वळवली. भावजी शाळेत भूगोल शिकवतात. जगातले सगळे वारे तोंडपाठ, घरातलं वारं कुठून वाहतंय ते मात्र अजून उमगलेलं नाही. ते बाहेर आले, मला पाहून चकित झाले, आणि मला पाहून ताई चकित झाली नाही याचं त्यांना जास्त नवल वाटलं. "तू येणार नव्हतास ना?" ते म्हणाले. "नव्हतो," मी म्हणालो. ताई म्हणाली, "मला माहीत होतं येईल. ट्रॅक्टरला तेल घालून ठेवलंय." एका हातानं! मला तिची इतकी माया आली की मी तिच्या केसांतला तो चिमटा काढून खिशात टाकला.

भावजी वाईट नाहीत, उगाच त्यांच्यावर ओरडायला नको. ते म्हणाले, "हे बघ, मी काय तिच्या वाइटावर आहे? ढग दोन दिवस लवकर आले तर वर्षाचं गवत कुजेल. त्याचं मशीन तासाभरात काम करतं. आणि त्या पक्ष्याचं म्हणशील, तर मीही रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसतो. मला काय कान नाहीत? मी तरी अजून ऐकलेला नाही." ताई म्हणाली, "तुम्ही बसल्या बसल्या घोरता." मी हसलो, भावजीही हसले, पण प्रश्न होता तिथंच राहिला. शेवटी ठरलं असं: आज अंधार पडायच्या आत मी सगळं कापलं तर मोठ्या मशीनवाल्याला नको म्हणून कळवायचं. नाही झालं तर उरलेलं उद्या तो कापेल, त्याच्या पद्धतीनं. ताई "बरं" म्हणाली. हे दुसरं 'बरं' होतं, जरा उजेड असलेलं. "आणि पुढे काठी घेऊन तुम्ही चालायचं," ती भावजींना म्हणाली. "मी?" "मग काय, मी मोडका खांदा घेऊन चालू?"

ट्रॅक्टर आमच्याच वयाचा. सुरू करताना त्याला आधी दोन शिव्या द्याव्या लागतात आणि मग थोपटावं लागतं. वडील तसंच करायचे. तो सुरू झाला, अंगभर थरथरला, आणि कापायचं पातं त्याच्या उजव्या अंगाला खाली आलं. फाटकातून सरळ आत. पुढे भावजी, शाळेचे बूट, पँट मोज्यांत खोचलेली, काठीनं गवत हलवत, आणि दर चार पावलांनी मागे वळून विचारत, "साप असतात का रे?" "असतात," मी ओरडून सांगायचो. गवत माझ्या गुडघ्यापर्यंत, त्यांच्या कमरेपर्यंत. पात्याखाली ते सुस्कारा टाकून आडवं व्हायचं आणि त्यातून तो वास यायचा. तो वास! मी रोज लोकांच्या डोक्यांवर सुगंधी फवारे मारतो, त्या सगळ्या बाटल्यांच्या तोंडात मारील असा वास. मधोमध पोहोचलो आणि चाक डावीकडे वळवलं. हातांना सगळं आठवत होतं. मला काही आठवायची गरजच नव्हती. सकाळी सरांच्या डोक्यावर हेच झालं होतं. हात इथं येऊन बसले होते आणि उरलेला मी दुकानात उभा होतो. आता सगळा मी एका जागी होतो. गोल, गोल, हळू, बाहेर, बाहेर. एक ससा उठला आणि कानांची काठी करून कुंपणाकडे सुटला. भावजी किंचाळले आणि मग स्वतःच्याच किंचाळण्यावर इतके हसले की काठी हातातून पडली. चंडोल वर गेला, वरूनच त्याची बडबड सुरू. ओलीच्या कोपऱ्याशी बेडूक टुणटुण उडत आमच्यापुढे चालले, जशी काही त्यांचीच मिरवणूक आणि भावजी बँडवाले. मी मोठमोठ्यानं गात होतो. गाणं मला येत नाही, पण ट्रॅक्टरच्या आवाजात कोण ऐकतंय? इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवेना. झाला असेल, पण आठवायला फुरसत नव्हती.

लावा मात्र दिसला नाही. फेरे मोठे होत गेले, सूर्य खाली आला, कापलेलं रान मधून पिवळट दिसायला लागलं, आणि प्रत्येक वळणावर मला पायरीवर बसलेली ताई दिसायची. ती बसली नव्हती, उभी होती. हात गळ्यात, मान पुढे. प्रत्येक फेऱ्याला ती माझ्याकडे पाहायची आणि मी मान हलवायचो, नाही. पुन्हा फेरा. नाही. शेवटचे तीन फेरे उरले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी समोर भावजींच्या पाठीकडे बघत राहिलो. आणि ती पाठ एकदम थांबली. दोन्ही हात वर, काठी आडवी, वाहतूक अडवल्यासारखी. मी ट्रॅक्टर बंद केला. सगळीकडे एकदम शांत झालं. भावजी वाकून बघत होते. त्यांच्या बुटांपुढचं गवत हललं, बुडातून, वाऱ्यानं हलतं तसं नव्हे, आणि ते हलणं एका ओळीत कुंपणाकडच्या पट्टीकडे सरकत गेलं आणि आत शिरलं. मग काही नाही. भावजी माझ्याकडे आले. चेहऱ्यावर परीक्षेत अवघड प्रश्न आलेल्या मुलाचा भाव. "काहीतरी पळालं," ते म्हणाले. "लहान. पाच-सहा. मातीच्याच रंगाचं. उंदीर असतील."

"उंदीर ओळीनं पळतात?" मी विचारलं.

"मी काय उंदरांचा मास्तर आहे?" ते म्हणाले, पण काठीनं पुढचं गवत फार जपून, जवळजवळ कुरवाळल्यासारखं हलवायला लागले. शेवटचे फेरे आम्ही असे कापले की गोगलगायीनं पुढे जावं. कडेची पट्टी सोडली. भावजींनी एरवी म्हणतात तसं "केवढं गवत वाया चाललंय" म्हटलं नाही. फाटकाशी आलो तेव्हा अजून उजेड होता. त्यांनी आपणहून खिशातून फोन काढला आणि मोठ्या मशीनवाल्याला सांगितलं, उद्या नको, झालं. मग ताईला बुटांपुढे काय पाहिलं ते सगळं सांगितलं, उंदरांसकट. ताईनं ऐकून घेतलं. "उंदीर असतील," तीच म्हणाली. तिनं असं म्हणावं हे मला सोसलं नाही. इतकी वर्षं ती हट्टानं बोलायची, आणि आज, जेव्हा बोलायला निदान काहीतरी होतं, तेव्हा ती भ्यायली होती. मला कळलं ते. आशा फार जवळ आली की माणूस तिच्याकडे पाठ करतो. मी म्हणालो, "बस इथं. आधी तुझं डोकं सरळ करतो. हे असलं डोकं घेऊन माझी बहीण म्हणून कुठं मिरवू नकोस."

ती पायरीवर बसली, मी तिच्या मागे वरच्या पायरीवर. भावजी चहा ठेवायला आत गेले. मी आधी गुंता काढला. त्यात गवताची कुसळं होती, एक वाळकी काडी होती, भावजींचा आणखी एक चिमटा होता. टोकं फाटली होती, ती कापायला कात्री काढली तर ताई म्हणाली, "कडेनं सुरू कर हं. माझं डोकं म्हणजे रान नाही." मी तिला गाण्याच्या सरांचं सांगितलं. कपाळापासून टाळूपर्यंतचा रस्ता सांगितला. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "हसवू नकोस रे मेल्या, खांदा दुखतो," म्हणत परत हसली. तिचे केस पांढरे झालेत. मला ते ठाऊक होतं, पण हातात घेतल्यावर वेगळं कळलं. लहानपणी शाळेत जाताना ती माझे केस पाणी लावून चापून बसवायची आणि मी पळून जायचो. टोकं कापून झाली. वेणी घालायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून कात्री मिटून तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर धरून ठेवली. मी तीन पेड केले आणि घालायला लागलो, सावकाश, घट्ट नाही, सैल नाही. समोर कापलेलं रान, मधून बाहेर गेलेले गोल पट्टे, आणि पलीकडे कुंपणाला लागून उभी राहिलेली गवताची कड, तिच्यावर शेवटचं ऊन. आतून कपबशा वाजल्या. 

एक, आणि लगेच जोडून दोन.

ताईची पाठ ताठ झाली. मग तिनं श्वास सोडला आणि मागे न बघता, थकल्यासारखी म्हणाली, "कात्री वाजवू नकोस रे. उगाच जीव वरखाली होतो."

माझ्या दोन्ही हातांत तिची वेणी होती.  दारात भावजी उभे होते, हातात कप, आणि कपातला चहा बशीत सांडत होता, आणि ते रानाकडे बघत होते. कुंपणाच्या कडेनं पुन्हा आलं, या वेळी मोठ्यानं, जवळून: एक, आणि दोन.

"ताई," मी म्हणालो, "कात्री तुझ्या हातात आहे."